उजव्या कानातलं गाणं

१

माझा उजवा कान एका तापात गेला. ताप उतरला, मी सकाळी उठून बसलो आणि त्या बाजूला जग नव्हतं. कान जागेवर आहे, चष्म्याची काडी अजून त्याच्यावरच टेकते, पण आतून तो बंद. डॉक्टर म्हणाल्या, नस गेली, ती परत येत नाही, दुसरा शाबूत आहे हे नशीब समजा. मी तसं समजलो. त्या डाव्या कानाला मी तेव्हापासून घरी आलेल्या पाहुण्यासारखा जपतो. झोपताना उशीत दाबू देत नाही, दिवाळीत कापूस घालतो.

आयुष्यभर मी टेलिफोन खात्यात लाइन तपासायचं काम केलं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ठरवलं, आता फक्त आवडीचं ऐकायचं. आवडीचं म्हणजे सोल. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं, चर्चमधून निघून रेडिओवर आलेलं जुनं गाणं. सदर भागातल्या आमच्या गल्लीत पूर्वी रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन लोकांची वस्ती होती. त्यांच्यातल्या एका गार्डसाहेबांची मुलगी घर विकून ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा वडिलांच्या रेकॉर्डची खोकी तिनं माझ्या हवाली केली. "आप सुनोगे, इसलिए दे रही हूँ," एवढंच म्हणाली. ती खोकी घरी आणली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, हे संध्याकाळी लक्षात आलं.

त्यांत बरीच गाणी दोनदा होती. एकदा छोट्या सिंगलवर, एकदा मोठ्या अल्बमवर. नवख्याला वाटेल की गाणं तेच. तसं नसतं. सिंगल बनायचा रेडिओसाठी आणि हॉटेलात नाणं टाकून वाजवायच्या ज्यूकबॉक्ससाठी. सगळे आवाज एकाच धारेत, मोनो, ढोल आणि गळा अगदी तोंडासमोर, आणि गाणं आवरतं घेतलेलं. अल्बमवर तेच गाणं स्टिरिओत पसरायचं. स्टिरिओ तेव्हा नवीन होतं, त्यामुळे वाटणी कशी, तर भाऊ वेगळे झाल्यासारखी. ढोल, गिटार सगळी डावीकडे. गाणारी बाई आणि तिच्यामागच्या साथवाल्या उजवीकडे. शेवटही लांबलेला. सिंगलवर आवाज जिथे विरून जातो, तिथून पुढे अल्बमवर बरंच गाणं शिल्लक असायचं.

एका कानाच्या माणसाला हा फरक फार मोठा. हेडफोन लावून अल्बम ऐकला की मला नुसती वाजवणारी मंडळी ऐकू येत. गाणारी गायब. सिंगल लावला की सगळे पुन्हा एका खोलीत. साठ वर्षांमागे ज्या अनोळखी माणसांनी ते सिंगल मिक्स केले, त्यांना मी मनातल्या मनात कितीदा तरी जय भीम घातला आहे.

आमची सकाळ ठरलेली. चहा झाला की माझी बायको दामिनी अंघोळीला जायची, कारण तिला खाप्याची बस गाठायची असे. तिथल्या शाळेत ती शिकवते. मी तेवढ्यात रेकॉर्ड लावायचो. आमचं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीण इंदुताई एकट्या राहतात. त्यांना आवाजाचा त्रास, म्हणून हेडफोन. रेकॉर्डची खोली आणि न्हाणी यांच्यामध्ये एकच भिंत. दामिनी अंघोळ करताना गुणगुणते. ते थोडा वेळ ऐकायचं, मग हेडफोन चढवायचा, मग सुई ठेवायची. मला या सकाळींपेक्षा जास्त काही नको होतं.

२

थंडी पडायला लागली होती. दामिनी शाळेत गेलेली, दुपारची वेळ, रस्त्यावर भंगारवाल्याची हाक. मी एका गाण्याची दोन्ही रूपं लावून पाहत होतो. अल्बमवर त्या गाण्याच्या शेवटाकडे वाद्यं एकदम दबतात आणि गायिका गाणं सोडून नुसतं बोलायला लागते. सिंगलवर हा भाग नाहीच, त्याच्या आधीच आवाज विरतो. मला तर अल्बमवरही तिचं बोलणं ऐकू येण्याचं कारण नव्हतं, कारण ती उजवीकडे. माझ्या वाट्याला त्या जागेत फक्त डावीकडचा हलका ठेका आणि बरीचशी शांतता.

त्या शांततेत पाणी पडत होतं.

बादलीत नळ सोडल्यावर आधी तळ वाजतो, मग आवाज भरीव होत जातो, तसं. मी विचार केला, नळ राहिला वाटतं चालू. हेडफोन काढला. काहीच नाही. भंगारवाला पुढच्या चौकात गेला होता. मी पुन्हा हेडफोन लावला, सुई मागे आणली, ती जागा आली आणि पाणी पुन्हा सुरू झालं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ते उजवीकडून येतंय.

ज्या बाजूला काही नसतं, त्या बाजूला काहीतरी आहे, ही गोष्ट कळायला माणसाला वेळ लागतो.

मी न्हाणीत जाऊन पाहिलं. फरशी कोरडी, बादली पालथी. परत येऊन हेडफोन उलटा घातला, म्हणजे उजव्या बाजूचं डाव्या कानात यावं. गायिका बोलत होती, मागे खंजिरी वाजत होती. पाणी नव्हतं. मग सिंगल लावला. उजवा कान नेहमीसारखा बंद. पुन्हा अल्बम, हेडफोन सरळ. बादली भरली. नळ बंद झाला. आणि कोणीतरी गुणगुणायला लागलं.

दामिनीची गुणगुण मी झोपेतही ओळखेन. ही तिची नव्हती. सूर त्याच गाण्याचा, पण किंचित मागे, अर्ध्या मात्रेनं. भिंतीपलीकडून गाणं ऐकत त्याच्याबरोबर जाणाऱ्या माणसाचं जसं होतं, तसं.

३

संध्याकाळी दामिनी आली. मी हेडफोन हातात घेऊन दारातच उभा.

"अवो, चहा तरी घेऊ द्या," ती म्हणाली.

"आधी हे ऐक. शेवटी ते बाई बोलते ना, तिथं."

ती डोळे मिटून ऐकत बसली. शाळेतल्या पोरांच्या कविता तपासताना बसते, तशी.

"काय ऐकू आलं?"

"बाई बोलून राहिली. मागं खंजिरी आहे. अर्धं समजलं, अर्धं नाई. पण छान वाटते."

"पाणी?"

"पाणी कुठचं?"

"उजवीकडं. बादली भरल्यासारखं. अन् कोणी तरी गुणगुणते."

तिनं हेडफोन मांडीवर ठेवला. "तुमच्या उजवीकडं?"

"हाव."

"म्हणजे कान परत येऊन राहिला काय तुमचा?" तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा आली, की हे सगळं सांगायला नको होतं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि मला धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. उजव्या कानाची रेघ होती तशीच, सपाट.

"कान परत आला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमच्या मेंदूला रिकामं बसवत नाही. मोनोमध्ये त्याला एकाच कानात सगळं मिळतं, पोकळी जाणवत नाही. स्टिरिओत अर्धं कमी पडलेलं त्याला कळतं. मग तो स्वतःहून भर घालतो. कोणाला घंटा ऐकू येते, कोणाला पावसाचा आवाज, कोणाला चक्क गाणी. घाबरायचं कारण नाही."

किती सरळ होतं. सिंगलमध्ये का नाही आणि अल्बममध्ये का, याचंही उत्तर मिळालं. परतताना आम्ही तर्री पोहे खायला थांबलो.

"मेंदूलेही न्हाणीच सुचली पाहा," दामिनी प्लेट पुढे करत म्हणाली. "काही चांगलं सुचायचं. समुद्र, बगीचा."

मी हसलो. माझ्यासोबत अशी बाई आहे, याचा मला त्या क्षणी फार आनंद झाला.

४

डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं होतं, म्हणूनच मी ऐकत राहिलो. माझ्या मेंदूचं काम म्हणून, थोड्या कौतुकानं. ती जागा आली की पाणी यायचं, गुणगुण यायची. मग काही दिवसांनी ते पुढे सरकलं.

गुणगुणता गुणगुणता आवाज मध्येच अडखळला. मग प्लास्टिकचा मग फरशीवर पडून गोल फिरत थांबल्याचा आवाज. पुढच्या दिवशी त्याच्यानंतर काहीतरी जड पडलं. धप्प. सुई उडाली असं वाटून मी रेकॉर्डकडे पाहिलं. सुई शांत फिरत होती. डावीकडे ठेका चालू होता.

धप्पनंतर बराच वेळ काही नसायचं. आणि एका दुपारी त्या 'काही नाही'तून, कानाला अगदी लागून, कोणीतरी बोललं.

"उघड."

मी हेडफोन फेकला. त्याची वायर ओढली जाऊन सुई रेकॉर्डवरून घसरली, तबकडीवर ओरखडा उमटला. खोलीत मी एकटा होतो. डाव्या कानाला खालून इंदुताईंच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी स्वतःला समजावलं की मेंदू पाणी बनवू शकतो, तर एक शब्द बनवायला त्याला काय लागतं? पण पाणी माझ्याशी काही बोललं नव्हतं. हा शब्द मला उद्देशून होता. आणि तो आपल्याकडचा होता, मराठी. रेकॉर्डवर गाणाऱ्या डेट्रॉइटच्या त्या बाईचा नव्हता. आवाज बाईचा की पुरुषाचा ते सांगता येत नव्हतं. गळा ओला असल्यासारखा होता.

त्यानंतर मला दारांची भीती वाटायला लागली. बेल वाजली की मी आधी साखळी लावायचो, मग फट करून पाहायचो. कपाट उघडताना बाजूला उभा राहायचो. काहीतरी बाहेर आहे, त्याला आत यायचं आहे आणि ते माझ्याकडे परवानगी मागत आहे, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

दामिनीच्या नजरेतून हे सुटलं नाही. "काहून असे करून राहिले?" तिनं विचारलं. "दुधवाल्याले काय फटीतून भांडं देता?"

मी तिला तो शब्द सांगितला. ती थट्टा करेल असं वाटलं होतं. तिनं केली नाही.

"ते मोठी रेकॉर्ड ठेवून द्या काही दिवस," ती म्हणाली. "तुमचे ते छोटेवाले ऐका. त्यात तर काही येत नाई ना?"

"नाई. सिंगलमध्ये कधीच नाई."

"मग झालं."

मी अल्बम उचलून खोक्याच्या तळाशी, बाकी सगळ्यांच्या मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक सिंगल लावला. गाणारी, वाजवणारे, सगळे माझ्या डाव्या कानात गर्दी करून उभे. उजवा बंद. मला रडू यायचं बाकी होतं. पुन्हा सकाळी सकाळींसारख्या झाल्या.

५

जानेवारीत थंडीची लाट आली. दामिनीला सर्दी झाली होती. न्हाणीतल्या वरच्या झरोक्यातून बोचरी हवा येते, म्हणून तिनं त्यात जुनी साडी कोंबली.

"आज पाणी जरा कडक घेतो," ती न्हाणीत जाताना म्हणाली. "नाक पुरं बंद आहे."

तिनं आतून कडी लावली. गॅस गिझर पेटल्याचा भस्स आवाज झाला. मी थोडा वेळ तिची गुणगुण ऐकली, नाक चोंदल्यामुळे ती बदकासारखी येत होती. मग हेडफोन लावला आणि एक सिंगल ठेवला. वेगवान गाणं होतं, हातांच्या टाळ्यांचं. मी पायानं ताल धरला.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं.

"उघड."

उजवीकडून. सिंगलमध्ये.

मी गोठलो. पाणी नाही, गुणगुण नाही, आधीचं काहीच नाही, थेट तो शब्द. आणि तो थांबला नाही. "उघड. उघड. उघड गा भाऊ." गाण्यापेक्षा मोठ्यानं, टाळ्यांच्या वर. माझे हात हेडफोनकडे जाईनात. आणि त्या गोठलेल्या अवस्थेतही, आयुष्यभर खरखरीतून माणसांची बोलणी वेगळी काढलेल्या माझ्या डोक्याला एक गोष्ट कळली. हा आवाज माझ्याकडे आत येण्याची परवानगी मागत नव्हता. त्या आवाजात घाई होती. रस्त्यावर कोणाचं तरी मूल गाडीखाली जाताना पाहून अनोळखी माणूस ओरडतो, तशी.

मी हेडफोन ओढून काढला.

भिंतीपलीकडे गिझर चालू होता. पाणी पडत होतं, बादली भरून वाहत होती, ते ऐकू येत होतं. गुणगुण नव्हती.

"दामिनी!"

मी पळालो. दार आतून बंद. मी दोन्ही हातांनी बडवलं. "दामिनी! कडी काढ वं!" आतून पाण्याशिवाय काही नाही. मी खांदा दिला, दार हललं, कडी हलली नाही. स्वयंपाकघरातून लोखंडी बत्ता आणला आणि कडीच्या जागी घाव घालायला लागलो. आवाज ऐकून इंदुताई जिना चढून वर आल्या, "काय झालं भाऊ, काय झालं," म्हणत. फळी फुटली. मी हात घालून कडी ओढली.

६

वाफ अंगावर आली. काही दिसेना.

दामिनी खाली पडलेली होती, दाराजवळ, एका कुशीवर. मी वाकलो आणि तिच्या काखेत हात घातले. वाफ दारातून बाहेर ओढली जात होती आणि त्यामुळे आतलं थोडं थोडं मोकळं होत होतं.

गिझरखालच्या कोपऱ्यात कोणीतरी उभं होतं.

माझ्याकडे पाठ. रेकॉर्डच्या खोलीच्या भिंतीला चिकटून, मान कलती करून, कान भिंतीला लावलेला. एक तळवा भिंतीवर पसरलेला, आजाऱ्याच्या छातीवर ठेवतात तसा हलका. पलीकडे माझा सिंगल अजून फिरत होता, हेडफोन जमिनीवर पडला होता, त्यातून कितीसा आवाज येणार. पण ते माणूस तो ऐकत होतं. ओले केस मानेला चिकटलेले. मी दार फोडून आत आलो, एवढा गोंधळ, तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

वळू नये असं मला फार वाटलं. इतकं मी कधीच कशासाठी मागितलं नसेल.

मग इंदुताईंनी मागून माझी बंडी धरून ओढलं, "बाहेर घ्या, बाहेर घ्या तिले," आणि मी दामिनीला ओढत बाहेर आणलं. इंदुताईंनी तिच्यावर चादर टाकली, पळत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. मी दामिनीला हाका मारत होतो. तिचे गाल नको तितके लाल दिसत होते. ती श्वास घेत होती, अगदी लहान लहान.

मी पुन्हा न्हाणीत पाहिलं, तेव्हा कोपरा रिकामा होता. खुंटीवर लटकलेला गाऊन असेल, असं मी दवाखान्याच्या वाटेवर रिक्षात स्वतःला सांगितलं. त्या कोपऱ्यात खुंटी नाही, हे मला माहीत होतं.

७

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. गॅस गिझरचा विषारी वायू बंद न्हाणीत साठतो, तिथले डॉक्टर म्हणाले. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला कळत नाही, नुसती झोप येते. "तुम्ही वेळेवर दार फोडलं. आवाज आला का त्यांचा?"

"हो," मी म्हणालो. "आवाज आला."

मी बाकावर बसून राहिलो. आजूबाजूला लोक आपापल्या माणसांसाठी धावत होते. मी कोणाचे तरी आभार मानायला पाहत होतो, पण नाव माहीत नव्हतं.

दामिनी शुद्धीवर आली. संध्याकाळी ती बोलायला लागली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "किती गाता हो तुम्ही. डोळा लागू देऊन नाई राहिले होते."

"कुठं?"

"न्हाणीत. मी पडली ना, तर कानाजवळ गुणगुण, गुणगुण. मले झोपायचं होतं. मी म्हटलं, चूप बसा ना थोडं. पण ऐकतच नाई."

"कोणतं गाणं?"

तिनं तो सूर गुणगुणून दाखवला. नाकात नळी होती, तरी ओळखू आला. गायिका बोलत असताना साथवाल्या मागे जो धरून ठेवतात, तो होता. सिंगलवर नसलेला. दामिनीनं तो एकदाच ऐकला होता, त्या संध्याकाळी. एकदा ऐकलेलं डोक्यात राहू शकतं, हे मलाही कबूल आहे.

तिथेच मी तिला सगळं सांगितलं. सिंगलमधला शब्द, आणि कोपऱ्यातलं. ती छताकडे बघत ऐकत राहिली. रडली नाही. मग तिनं विचारलं, "आभार मानले का?"

"कोणाचे?"

"आता मले काय माहीत कोणाचे. मानले का?"

८

घरी आलो तेव्हा गिझर निघालेला होता, झरोका मोकळा होता आणि न्हाणीच्या दाराला नवी फळी लागली होती. सगळं इंदुताईंनी करून घेतलं होतं. त्यांना मी कोपऱ्यातलं सांगितलं नव्हतं. दामिनीनं मात्र चहा पिता पिता सहज विचारलं, की आमच्या आधी वर कोण राहायचं.

"कोणी नाई वं," इंदुताई म्हणाल्या. "तुमच्याआधी इथं मोकळी गच्ची होती. माझ्या डोळ्यांसमोर बांधलं हे सारं. काहून?"

"असंच."

दामिनीच्या माहेरचे रामटेकहून येऊन गेले. त्यांनी घर बदला म्हणून धोशा लावला. इंदुताईही म्हणाल्या, मन लागत नसन तर जा बाप्पा, मी अडवत नाई. रात्री झोपताना मी दामिनीला विचारलं. ती म्हणाली, "ज्यानं जीव वाचवला, त्याले सोडून जायचं?" आणि कूस बदलली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. न्हाणीत जाताना ती आता दार नुसतं लोटून घेत असे आणि कोपऱ्याकडे पाठ करत नसे. मलाही वाटत होती, अजून वाटते. पण भीती आणि उपकार एकाच माणसाबद्दल वाटू शकतात, हे आम्हा दोघांनाही या घरात कळलं.

मी रेकॉर्डना हात लावला नव्हता.

थंडी ओसरल्यावर एका रविवारी दुपारी जेवणं झाली आणि दामिनी म्हणाली, "माळ्यावरचे ते डबे काढा."

"कोणते डबे?"

"स्पीकर. इंदुताईले सांगून आली मी. म्हणाली, लावा, तेवढीच सोबत."

मी ते काढले, पुसले, वायरी जोडल्या. डावा खिडकीजवळ ठेवला. उजवा दाराजवळ ठेवून त्याचं तोंड आमच्या खुर्च्यांकडे करत होतो, तर दामिनी उठली. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, न्हाणीच्या भिंतीपाशी नेला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. तो सरळ बसला की नाही, हे दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं.

"आपल्याले कमी ऐकू येईन," मी म्हणालो.

"आपल्याले पुरते."

मी खोक्याच्या तळातून तो अल्बम काढला. ओरखडा होता, पण एकाच गाण्याला छेद देणारा, आणि तिथेही सुई किंचित टकटक करून पुढे गेली. डावीकडून ढोल आणि गिटार खोलीत आले. गाणारी बाई भिंतीशी तोंड करून गात होती. मला ती भिंतीवरून उलटून आलेली, लांबची, मऊ ऐकू येत होती. आम्ही खुर्च्यांत बसून राहिलो. शेवटाकडे वाद्यं दबली, ती बोलायला लागली, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. माझ्या उजव्या कानात काहीच नव्हतं. तो बंदच राहिला, डॉक्टरांनी सांगितला होता तसा.

बाजू संपली. सुई मधल्या वर्तुळात फिरत राहिली. मी ती उचलली.

वळून पाहिलं तर दामिनी भिंतीपाशी उभी होती, कान भिंतीला लावून. मी जवळ गेलो. माझा चांगला कानही भिंतीला टेकवला. गार चुना, दुसरं काही नाही. मी कितीही श्वास रोखला तरी काही नाही.

"काय?" मी हळूच विचारलं.

तिनं बोट वर करून मला थांबवलं. तिच्या हातावर काटा आला होता. पण तोंडावर हसू होतं. शाळेत एखादं भित्रं पोर पहिल्यांदा मोठ्यानं वाचायला लागतं, तेव्हाचं.

"दुसरी बाजू लावा," ती म्हणाली. "वाट पाहून राहिले तिकडं."